चिंचेचा ठीहा

माहं माहेर सिरोंच्याचं, बाई, गोदावरीच्या काठचं. इथून मूल गावावरून सकाळी निघालं तर जंगल संपता संपत नाई, आणि तिथी उतरलं का बस स्टँडावरच तेलुगू कानावर येते. आमच्या घरात दखनी, मोहल्ल्यात तेलुगू, शाळेत मराठी, आणि अब्बा शिलाई मशीनवर बसले का रेडिओ लावत तो हिंदीतला, म्हून मले लहानपणी असंच वाटे का प्रत्येक कामाची भाषा वेगळी असते, मासे घ्यायची वेगळी, दुआ मागायची वेगळी. वाचायची मात्र मराठी. शाळेत एक कपाट होतं, काच फुटलेलं, त्याची चाबी सरांनी माह्याकडेच देऊन ठेवली होती, कारण दुसरं कोणी पुस्तक मागतच नव्हतं, आणि मी ते कपाट एका टोकाकडून वाचायले घेतलं, शेतीचं पुस्तक असो का संतांचं का नकाशांचं, जे हाताले लागन ते. अम्मी म्हणे, ही पोरगी आंधळी होईन, मंग कोण करन हिच्याशी लगीन. अब्बा म्हणत, जो करन त्याले वाचून दाखवन. अब्बाचं बोलणं असं खरं झालं का मले कधी कधी हसू येते त्याचं, आणि आता कधी कधी येत नाई.

बारावी झाली आणि मले इथी मूलले दिलं. सासर म्हणजे काय, तर बाजाराच्या रस्त्यावर पुढे दुकान आणि मागे घर, मधात एक पडदा. दुकान चामड्याचं, सासऱ्याईच्या वेळेपासूनचं. चपला नाई करत आम्ही, लोक तसं समजतात म्हून सांगते, आमचं काम बैलाचं. घुंगरांचे पट्टे, आणि जोते. जोतं म्हणजे बैलाच्या गळ्याखालून घेऊन जुवाले अडकवतात तो पट्टा, त्याच्यावरच सगळा बैल जुवात असते. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम आला का ढोलक्यांचे पट्टे पण येत, पण तो जोडधंदा. मी नवी आली तेव्हा शेजारच्या बाया माहं बोलणं ऐकायले येत, म्हणत, ही सिरोंच्याची सून पुस्तकासारखं बोलते वो, हिले म्हणा एकदा आमच्यासारखं भांडून दाखव. इथलं बोलणं मले हळूहळू लागलं, आणि अजूनही पुरतं लागलं नाई, अर्धी मी कपाटातलीच आहे.

यांचं नाव यासीन. मी नाव घेत नसो, आमची नाझू झाली तेव्हापासून नाझूचे अब्बा. ते सातवीपर्यंत शिकले, वाचायचा कंटाळा, पण ऐकायची भूक अशी का काय सांगू तुमाले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याईनं मले विचारलं, तू दिवसभर त्या पुस्तकात काय पाहून राह्यली, आणि मी म्हटलं, वाचू का, आणि वाचलं, आणि त्या दिवसापासून पडद्याच्या या बाजूले मी वाचे आणि त्या बाजूले ते भोकं पाडत. मंग काही वर्षांनी पडदा नुसता नावाले राह्यला, मी दुकानातच बसायले लागली. त्याईची एक गंमत होती, वाक्य चालू असताना मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, नाई मारायचे. मोगरी वर धरलेली, कान इकडे, आणि वाक्य संपलं का ठोका. लांब वाक्य आलं का हात दुखे त्याईचा. म्हणत, कोण गा हा लिहिणारा, याले श्वास नाई घ्यावा लागत काय.

आता ठीह्याचं सांगते. चामड्याले भोक पाडायचं तर वरून सुंबा लागते, सुंबा म्हणजे पोकळ नळी, तोंडाले धार, वरून मोगरी मारली का गोल टिकली कापून घेते. हे सगळ्याईले दिसते. पण खाली काय आहे हे कोणी पाहत नाई, आणि भोक चांगलं का वाईट हे खालीच ठरते. खाली कडक असलं तर सुंब्याची धार मरते, खाली नरम असलं तर चामडं दबते आणि भोक फाटल्यासारखं होते. आमच्याकडे चिंचेचा ठीहा होता. मार्कंड्याच्या जत्रेच्या रस्त्यावर एक जुनी चिंच वादळात आडवी झाली होती, सासऱ्याईनं तिच्या खोडाची एक आडवी चकती मागून आणली, बैलबंडीत घालून. ठीहा माह्या गुडघ्याएवढा उंच, आणि एवढा रुंद का नाझू लहानपणी त्याच्यावर मांडी घालून बसे आणि चामड्याच्या टिकल्या कपाळाले लावे.

मी एकदा नाझूच्या अब्बाले विचारलं होतं, सागाचं राज्य आहे आपलं, साग सोडून चिंच काऊन. तर म्हणाले, कापणी होऊ दे, दाखवतो. पुढे धान कापणी झाली तेव्हा आम्ही गुरनुलेभाऊच्या वावरात गेलो होतो, हे भाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक, बैलाचे मोठे शौकीन, शंकरपटात म्हणजे बैलांच्या शर्यतीत जोडी उतरवतात, त्याईच्याबद्दल पुढे येईनच. तिथी बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, नाझूचे अब्बा मले म्हणाले, चप्पल काढ आणि चाल. कापलेल्या धानाचं धसकट उभं, पायाले टोचे. म्हणाले, पाय उचल, आता पाहा. धसकट जसंच्या तसं उभं. मंग तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर नेलं, तिथी पाय घसरला, आणि जिथी पाय दाबला तिथी खड्डा राह्यला. म्हणाले, फळी म्हणजे तणस, लाकडाचे धागे झोपलेले. खोड आडवं कापलं म्हणजे धसकट, धागे उभे, सुंबा त्याईच्या मधात जाते आणि बाहेर निघाला का धागे पुन्हा मिटतात. आणि झाडात चिंच, कारण तिचे धागे एकमेकाईत गुंतलेले, चिरत नाईत. एवढं सांगून ते गुरनुलेभाऊकडे च्या प्यायले गेले. मी तिथीच उभी, अनवाणी. शाळेच्या त्या कपाटात मले कोणी एवढं चांगलं समजावून सांगितलं नव्हतं.

तर असं मी काम शिकली. आधी पट्टा धरायले, मंग कंपासनं रेघ मारायले, मंग लहान सुंब्यानं घुंगरांची बारीक भोकं. त्याईनं मले कानानं शिकवलं. म्हणत, डोळा वरचं पाहते, कान खालचं पाहते. ठीह्यावर बरोबर बसलेला ठोका एकच, भरलेला, जसं पिकलेलं फणस वाजवलं. आणि चामड्याखाली नेहमी एक टाकाऊ चामड्याचा तुकडा घालायचा, ठीह्याचं तोंड वाचते आणि भोकाची खालची कड स्वच्छ निघते. मोठे जोते मात्र ते स्वतःच करत, मी कधी हात लावला नाई, गरज पडली नाई.

ते गेले तेव्हा मी वाचूनच राह्यली होती. एका जहाजाच्या प्रवासाचं पुस्तक होतं, वाचनालयातलं, वादळ सुरू झालं होतं आणि मोगरी वर होती. मी वाक्य संपवलं. ठोका आला नाई. मंग मी मान वर केली. डॉक्टर म्हणाले हृदय, क्षणात झालं, त्रास नाई झाला. मी त्या पानावर चामड्याची एक पट्टी ठेवली आणि पुस्तक मिटलं, आणि मंग कोणीतरी ते माह्या हातातून घेतलं.

आमच्यात बाई इद्दत पाळते, चार महिने आणि वर काही दिवस घरातच राहायचं, परक्या पुरुषाईसमोर यायचं नाई. त्याच्या मधातच चाळीसवा येते, फातेहा, सगळ्या बिरादरीले जेवण. माहे जेठ हबीबभाई बल्लारपूरहून आले होते, नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले, त्याईनंच सगळं पाहिलं, देगा भाड्यानं आणल्या, आचारी आणला, धाकट्या भावाचं कुठी कमी पडू नाई दिलं. मी आत बायांमधात बसली होती, तसबीह, जपाची माळ, हातात, आणि मागच्या अंगणात गोश्त तोडायले सुरुवात झाली. पहिलाच सुरा पडला आणि माहे हात थांबले. पिकलेलं फणस. मी आवाज ओळखला, बाई. सुरा होता, मोगरी नव्हती, तरी ओळखला. खाटीक पण चिंचेचाच ठीहा वापरते, आचाऱ्यानं आपला आणला नव्हता, कोणीतरी म्हणालं दुकानात आहे, आणि चार जणांनी उचलून नेला. त्याईची काय चूक, दिसायले सारखाच. मी नाझूले हाक मारली, ती धावली, पण तोवर अर्धं बोकड झालं होतं, आणि पाहुणे बसायले लागले होते, आणि नवऱ्याच्या फातेह्यात बायकोनं लाकडासाठी तमाशा केला असं होऊ नाई म्हून मी नाझूले म्हटलं, राहू दे. आत बसून प्रत्येक घाव ऐकला.

पण बिघडलं ते पुढे. हबीबभाईले दुसऱ्या दिवशी कळलं का तो दुकानाचा ठीहा होता, तर मनाले लागलं त्याईच्या, म्हणाले दुल्हन, मी चकाचक करून देतो. आमच्यात जेठ धाकट्या भावजयीले दुल्हनच म्हणतात, केस पिकले तरी. चरबी निघावी म्हून त्याईनं त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं, बादल्याच्या बादल्या, आणि वाळावा म्हून उन्हात ठेवला. आधी उकळतं पाणी आणि मंग ऊन, कोणतं लाकूड टिकन. दुपारी बंदूक सुटल्यासारखा आवाज आला. जी चिंच चिरत नाई म्हणत ती मधातून चिरली, दोन फाका. हबीबभाई दारात येऊन उभे राह्यले, हाताले अजून साबण, आणि म्हणाले, अरे दुल्हन, लकडा ही तो था. मंग स्वतःच खाली बसले.

इद्दत संपली. हबीबभाईनं मांडलं का दुकानाची जागा मोबाईलवाल्याले भाड्यानं देऊन टाकू, तुमचं घर चालन, चामड्याचं काम आता कोण करते, बाईनं तर कुठीच नाई पाहिलं. वाईट मनानं नाई म्हणाले ते, काळजीनंच म्हणाले, आणि दुकानाची चाबी त्याईच्याच खिशात होती कारण त्या दिवसांत सगळं तेच पाहत होते. आणि त्याच दिवशी गुरनुलेभाऊ आले. दारातूनच रडले थोडे. मंग म्हणाले का यासीनभाईनं माह्या नव्या जोडीच्या जोत्याचं माप घेऊन ठेवलं होतं, शंकरपटात पळवायची आहे, आता तुमाले विचारू का नको, काही समजत नाई बाई. हबीबभाई म्हणाले, भाऊ, चंद्रपूरले जा, नायलॉनचं तयार भेटते. गुरनुलेभाऊ म्हणाले, नायलॉननं मान कापते जी, माही पोरं आहेत ती. तेव्हा मी बोलली. मी म्हटलं, जोते मी करते.

हबीबभाई म्हणाले, दुल्हन, पळत्या बैलाचं जोतं आहे, भोक फाटलं आणि बैल जुवातून सुटला तर हाकणारा खाली येईन, हे घुंगरू टोचणं नाई. मी म्हटलं, माहीत आहे भाईजान. तर ते म्हणाले, ठीक आहे, करा, मी इथीच थांबतो. हे जोते जर गुरनुलेभाऊच्या पटात टिकले तर चाबी तुमची, मी पुन्हा भाड्याचं नाव काढणार नाई. नाई टिकले तर तुम्ही पण नाव काढायचं नाई. गुरनुलेभाऊ मधातच म्हणाले, अन माह्या हाकणाऱ्याची तंगडी मोडली तर ती कोणाची जी?

चामडं घरात होतं, मापं दोरीवर गाठी मारलेली तशीच खुंटीले, हात माहे होते. खाली घालायले काही नव्हतं.

हबीबभाई आधी मदतच करत होते, तेवढं सांगितलं पाहिजे. म्हणाले लोखंडावर ठोका, एका ठोक्यात पार. रुळाचा एक तुकडा आणला कुठून तरी. मी म्हटलं धार जाईन, ते म्हणाले, हळू मारा. मी जुना, झिजलेला सुंबा घेऊन एकच ठोका मारला, पार तर झालाच, पण तोंड असं मुडपलं जसं दात पडलेली म्हातारी. मंग त्याईनं सागाची जाड फळी आणली, म्हणाले, साग, दुल्हन, साग, त्याच्यावर तर साहेब लोक जेवतात. फळीवर सुंबा धाग्याच्या बाजूनं घसरून फसला, दोघांनी ओढून काढला, आणि भोकाची खालची बाजू पाहिली तर लव फुटलेली, तणसावर पाय ठेवल्यासारखी. समोरचा पंक्चरवाला पाहत होता, तो टायर घेऊन आला, भाभी इसपे मारो. रबरावर मोगरी अशी उसळली का माह्याच कपाळाले येता येता राह्यली, चामडं खाली दबलं, भोक वरून गोल आणि खालून लांबट. हबीबभाई हसले, मंग मी पण हसली, त्या घरात किती दिवसांनी कोणी हसलं असन.

नाझू चंद्रपूरहून आली, ती तिथी दवाखान्यात नर्स आहे, भाजी कापायचा पांढरा जाड प्लास्टिकचा पाट घेऊन आली. तो वाईट नव्हता, खोटं काऊन बोलू. खाली फरशी घातली आणि त्याच्यावर घुंगराच्या पट्ट्याची बारीक भोकं पाडली तर एकदम स्वच्छ, आजही बारीक कामाले तोच घेते मी. पण जोत्याचं चामडं दुहेरी, सुंबा मोठा, तिथी प्लास्टिक सुंब्याले धरून ठेवे, ओढून काढताना पट्टा हाले, आणि हालला का रेघ गेली. जोत्याची भोकं एका रेघेत नसली तर सगळा ताण एकाच भोकावर येते, आणि फाटते ते तिथूनच. शेवटी मी स्वतः लाकडाच्या वखारीत गेली, इद्दतीनंतर पहिल्यांदा एकटी. चिंचेचा ओंडका होता, ताजा. मालक भला माणूस, म्हणाला, विकतो बाई, पण ही ओली आहे, सावलीत दोन पावसाळे काढू द्या, आत्ता घेतली तर महिन्यात चिरन. आणि पट तर तोंडावर आलेला.

त्या दिवशी घरी येऊन मी अंगणात बसली. दोन्ही फाका भिंतीले टेकून होत्या, नाझू म्हणाली, अम्मी, चुलीत तरी घालू, पाहून पाहून तुलेच त्रास होते. मी एक फाक उचलायले गेली, ती जड, हातातून सुटली आणि उलटी पडली, खालची बाजू वर. त्या बाजूले कोणी कधी पाहिलंच नव्हतं. सासऱ्याईनं ठेवला तेव्हापासून ती जमिनीकडे तोंड करून होती. धूळ पुसली तर लाकूड तसंच, गोल गोल रेघा, एक ठोका नाई, एक घाव नाई, चरबी नाई. मले इतकी वर्षं धसकट सांगितलेलं, आणि मी कधी विचारच नाई केला का उभा धागा वरून उभा असन तर खालून पण उभाच असते. मी नखानं दाबून पाहिलं. जसंच्या तसं. मी नाझूले म्हटलं, अब्बूले हाक मार. तिच्या मोठ्या अब्बूले, म्हणजे हबीबभाईले.

तोंड तर मिळालं, पण दोन फाका जुळायच्या कशा. खिळे मारले तर सुंबा कधी ना कधी खिळ्यावर जाईन. तेव्हा मले बंडीचं चाक दिसलं डोळ्यापुढे. लाकडाचं चाक तुकड्यातुकड्याचंच असते ना, बाई, त्याले बांधून ठेवते ती बाहेरची लोखंडी धाव. आम्ही दोन्ही फाका हातगाडीवर टाकून कवडूभाऊ लोहाराकडे नेल्या. त्यानं ठीहा पाहिला, मले पाहिलं, म्हणाला, भाभी, धाव चाकाले घालतो मी, पाटाले नाई घातली कधी. मी म्हटलं, भाऊ, याले चाकच समजा. तो म्हणाला, कुठी जाणार आहे हे चाक? मी म्हटलं, कुठीच नाई, इथीच राहायचं आहे त्याले. तर हसला आणि दोरीनं घेर मोजला, धाव मापापेक्षा जराशी लहान केली, गोवऱ्यांच्या जाळात लाल केली, आणि सांडशीनं धरून खाली बसवली. लाकडातून धूर निघाला. हबीबभाई ओरडले, पानी, पानी, जल जाएगा. कवडूभाऊ शांतपणे म्हणाला, आता ओता साहेब, पण यावेळी थंडं. सगळ्या गल्लीले माहीत होतं ना. पाणी पडलं, वाफ झाली, धाव आखडली आणि त्या दोन फाका अशा ओढल्या गेल्या का मधातली चीर केसाएवढी राह्यली. हबीबभाईनं त्या चिरेवरून बोट फिरवून पाहिलं.

दुकानात ठीहा उलटा ठेवला, खाली वाळूनं भरलेलं पोतं, तोंड रंध्यानं साफ केलं, वर टाकाऊ चामड्याचा तुकडा. पट्ट्यावर कंपासनं रेघ मारली. सुंबा ठेवला, मोगरी उचलली. आणि हात वरच राह्यला माहा. वाक्य संपायची वाट पाहून राह्यली मी. कोणी वाचतच नव्हतं. किती वेळ ते मले माहीत नाई. मंग हबीबभाई मागून हळूच म्हणाले, दुल्हन, बिस्मिल्ला. आणि मी ठोका मारला.

तोच आवाज. समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मी चीर सोडून, भरलेल्या बाजूवर, एकामागे एक भोक पाडत गेली, प्रत्येक वेळी चामडं उलटून खालची कड पाहिली, गोल, स्वच्छ, तुरीच्या दाण्यासारखी. टिकल्या सांडत होत्या. दोन्ही बैलांचे जोते झाले, कडा घासल्या, मेण लावलं, आणि गुरनुलेभाऊ आले तेव्हा त्याईनं पट्टा ओढून पाहिला नाई, आपल्या गालाले लावून पाहिला, बैलाच्या मानेले कसा लागन ते.

पटाले मी गेली. नाझू, हबीबभाई, मी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. थंडी, धूळ, लाऊडस्पीकर, मी कधी पाहिलंच नव्हतं एवढं. गुरनुलेभाऊची जोडी सुटली आणि अर्ध्यावर डावा बैल बिथरला, गर्दीच्या बाजूले ओढायले लागला, जू तिरपं झालं, लोक ओरडले, आणि सगळा भार त्या एका जोत्यावर आला हे मले ट्रॉलीतून दिसून राह्यलं होतं. हबीबभाईनं नाझूचा हात धरला. मी डोळे नाई मिटले. मी म्हटलं, माहं काम आहे, मी पाहीन. जोतं ताणलं, आणि धरून राह्यलं. हाकणाऱ्यानं बैल सरळ केला, जोडी शेवटपर्यंत गेली, दुसरी जोडी कधीचीच पुढे निघून गेली होती.

संध्याकाळी गुरनुलेभाऊ ते जोतं घेऊन आले, घामानं ओलं. म्हणाले, हारलो बाई, पण जोडी घरी आणली आणि माणूसही घरी आणला. मंग लोकाईले म्हणाले, पाहा गा, एक भोक लांबलं नाई. ते जोतं हातोहात फिरलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे यासीनभाईच्या हातचं ना, जुनं ठेवलेलं? गुरनुलेभाऊ म्हणाले, नाई जी, ते या बाईच्या हातचं आहे, शमीमबाईच्या. मी तिथी पदर सावरत उभी होती, आणि मले इतकं बरं वाटलं का त्याची लाज वाटावी का नाई तेच कळे ना. मंग ठरवलं, नाई वाटली पाहिजे.

घरी आल्यावर हबीबभाईनं खिशातून चाबी काढली, माह्या हातात नाई दिली, दुकानाच्या आतल्या खिळ्याले अडकवली, जिथी त्याईचे अब्बा अडकवत, जिथी नाझूचे अब्बा अडकवत. आणि म्हणाले, च्या कर दुल्हन.

आता पोळ्याचं काम आहे हातात, घुंगरांचे पट्टे, जोते, दोन गावं जास्तीची आली आहेत. दुकानाच्या मागच्या पडवीत, सावलीत, चिंचेची एक नवी चकती ठेवली आहे, हबीबभाईनं वखारीतून आणली, दोन्ही तोंडाले शेण लिंपलं म्हणजे सावकाश वाळते आणि चिरत नाई. उकळतं पाणी त्या दिशेनं गेलं तरी ते रागावतात. दर रविवारी बल्लारपूरहून येतात, आधी म्हणत चिंच पाहायले आलो, आता तसेच येऊन बसतात. एका रविवारी त्याईनं ते पुस्तक उचललं, मी वाचनालयाले परत केलं नव्हतं, चामड्याची पट्टी अजून तिथीच होती. मी म्हटलं, भाईजान, तिथूनच वाचा. ते उर्दू शिकलेले, मराठी अक्षरं जोडत जोडत वाचतात, एका वाक्याले इतका वेळ का माहा हात पण दुखते. नाझूचे अब्बा असते तर म्हणाले असते, कोण गा हा वाचणारा. पण मी मोगरी वरच धरते. वाक्य संपू देते. मंग मारते.

जहाज अजून समुद्रातच आहे, बाई. हबीबभाईच्या चालीनं ते किनाऱ्याले लागन तोवर ती चिंच वाळून तयार होईन, आणि माह्या हाताले कदाचित काठी आली असन. तिच्यासमोर पुढे कोण कामाले बसन ते मले माहीत नाई, नाझूचा दवाखाना आहे, तिले मी ओढणार नाई. पण जो कोणी बसन त्याच्या हाताले अल्लाह बरकत देवो, त्याचे धागे उभे राहोत, आणि बाजूले कोणी ना कोणी वाचणारं असो.